मूनी 231 मध्ये इंजिन मॉनिटर कुठला घ्यावा आणि तो स्वतः बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय की मित्राबरोबर भागीदारीत जुनी मूनी 231 (टर्बो इंजिनाचं छोटं विमान) घेतलीये, पॅनेलवर अजून फॅक्टरीचेच काटे आहेत, तर इंजिन मॉनिटर (एकेका सिलेंडरचं तापमान वगैरे दाखवणारा स्क्रीन) जेपीआय कंपनीचा 830 घ्यावा की 900, आणि मजुरी वाचवायला घरच्या घरी बसवला तर चालेल का. मी कोलोरॅडोत असतो, आमचीही 231 च आहे, तिघांत मिळून, आणि हे सगळे उद्योग करून झालेत म्हणून लिहितोय. मी मेकॅनिक नाही, एक तृतीयांश विमानाचा मालक आहे, त्या हिशोबाने वाचा.

आधी कुठला ते. 830 हा 'सल्लागार' प्रकारातला आहे, म्हणजे तो दिसायला कितीही भारी असला तरी कायद्याने तुमचे जुने काटे पॅनेलवर ठेवावेच लागतात आणि ते चालू पण असावे लागतात. 900 प्रायमरी आहे, तो बसला की मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), आरपीएम, टीआयटी (टर्बाइनच्या तोंडाशी एक्झॉस्टचं तापमान), सीएचटी (सिलेंडर हेडचं तापमान), ऑइल सगळे जुने काटे काढून टाकता येतात. साध्या इंजिनाला मी म्हटलं असतं 830 घ्या आणि उरलेल्या पैशात पेट्रोल भरा. पण टर्बोला माझं मत सरळ 900 किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी (इलेक्ट्रॉनिक्स इंटरनॅशनलचा सीजीआर-30पी पण प्रायमरी आहे, आणि पॅनेलवर आधीच गार्मिनचा जी3एक्स (डिजिटल पॅनेल) असेल तर त्याचंच इंजिन मॉड्यूल घ्या, तिसरा स्क्रीन कशाला). कारण सांगतो.

विमानाच्या पुस्तकात टीआयटीची मर्यादा 1650 फॅरनहाइट आहे. एकेका सिलेंडरच्या ईजीटीचा (एक्झॉस्टच्या तापमानाचा) आकडा स्वतः काही सांगत नाही, तिथे फक्त कोण वर गेला कोण खाली आला एवढंच बघायचं, पण टीआयटी खरा आकडा आहे कारण तिथे टर्बाइनची पाती तापतात. आणि त्याचा प्रोब (तापमान मोजणारी छोटी सळई) सतत गरम झोतात असल्यामुळे सगळ्या प्रोबमध्ये आधी तोच जळतो. आता सल्लागार मॉनिटर घेतला तर फॅक्टरीचा टीआयटी प्रोब तसाच ठेवून शेजारी नव्यासाठी एक्झॉस्टला आणखी एक भोक पाडायचं. सीएचटीचं तेच. फॅक्टरीचा प्रोब ज्या एका सिलेंडरच्या घरात बसलाय ते घर मोकळं नसतं, मग तिथे स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा प्रोब घालतात, तो बाकीच्या पाचांपेक्षा गरम दाखवतो आणि जन्मभर पडद्यावरच्या त्या एका बारकडे बघताना डोक्यात वजाबाकी करत बसायची. प्रायमरी घेतला की ही भानगडच नाही.

स्वतः बसवायचं म्हणाल तर हो आणि नाही. लायसन्सवाल्या ए अँड पी (विमान आणि इंजिनाच्या) मेकॅनिकच्या देखरेखीखाली मालकाने हात लावायला हरकत नाही, पण सही त्याची, आणि 337 फॉर्मवर (मोठ्या बदलाची नोंद) आयए ची (तपासणीचा जादा अधिकार असलेल्या मेकॅनिकची) सही लागते. तेव्हा आधी मेकॅनिकला विचारा, मग ऑर्डर द्या. काही जण मालकाने काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून ठेवलं तरी तोंड वाकडं करतात. आमचा बरा निघाला, जुने काटे काढणं, वायर ओढणं, बांधणं ही हमाली मी केली आणि एक्झॉस्टला भोकं त्याने पाडली. बिल बऱ्यापैकी कमी झालं, पाठ मात्र गेली.

आता बसवताना काय बघायचं ते, कारण खरं सांगू का, कुठला घेतला यापेक्षा कसा बसवला यावर जास्त अवलंबून आहे. ईजीटीचे प्रोब फ्लँजपासून (पाइप सिलेंडरला जोडतात ती कडा) साधारण 2 ते 4 इंचांवर येतात, पण मुख्य म्हणजे सहाही सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर एक सिलेंडर उगाच थंड दिसतो. प्रोबची वायर म्हणजे साधी तांब्याची वायर नव्हे, थर्मोकपलची वेगळी असते, पिवळी आणि लाल, कमी पडली म्हणून घरातली वायर जोडली की रीडिंगची वाट लागली. यात लाल ही निगेटिव्ह असते, आपला हात सवयीने उलटी जोडतो आणि मग इंजिन तापेल तसा आकडा खाली जातो. इग्निशनच्या वायरींपासून लांब, टर्बोच्या पाइपापासून त्याहून लांब, आणि प्रोबजवळ थोडी ढील.

आता आमचा किस्सा. बसवून महिना झाला असेल, चढताना 5 नंबरची ईजीटी एकदम 60 डिग्री वर गेली आणि त्याच सिलेंडरची सीएचटी खाली आली. ही खूण ठरलेली आहे, दोनपैकी एक प्लग पेटत नाही, जळण सावकाश होतं म्हणून एक्झॉस्ट गरम आणि हेड थंड. खाली आलो, 5 चे दोन्ही प्लग काढले, चकाचक. साफ करून परत घातले, उडालो, परत तेच. मग मॅग्नेटो (प्लगला वीज देतो तो), मग हार्नेस (प्लगच्या वायरी), सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी मी सीएचटीचा एकेक प्रोब बाहेर काढून त्याला बायकोच्या हेअर ड्रायरने शेकलं आणि पार्टनर आत बसून कुठला आकडा हलतो ते ओरडून सांगत होता. उजवीकडचा पुढचा शेकला तर आतून आवाज, "एक नंबर हलतोय!" वायरिंग ज्याने केलं होतं त्याने लायकॉमिंगच्या (दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाच्या) सवयीने नंबर टाकले होते. लायकॉमिंगमध्ये 1 नंबर पुढून मोजतात आणि आपल्या 231 च्या कॉन्टिनेंटल इंजिनमध्ये मागून, फायरवॉलकडून, उजवा मागचा तो 1. मधले 3 आणि 4 दोन्हीकडे तेच येतात त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे पडद्यावरचा 5 हा खरा 1 होता, त्याचा खालचा प्लग काढला तर आत शिशाची गोळी अडकलेली. तेव्हा पहिल्या उड्डाणाआधी हे हेअर ड्रायरचं नाटक करून घ्याच, अर्ध्या तासाचं काम आहे.

फ्युएल फ्लोचा सेन्सर कुठे बसवतात ते पण नीट विचारा. कॉन्टिनेंटलच्या पंपातून थोडं इंधन परत टाकीकडे जातं, सेन्सर पंपाच्या आधी लावला तर ते परत गेलेलं पण मोजलं जातं. फ्युएल कंट्रोल आणि इंजिनावरच्या वाटप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या मधल्या होजवर लागतो तो, वरून फायर स्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण). नंतर तीन-चार वेळा टाकी भरताना पेट्रोल पंपावरचा आकडा आणि मॉनिटरचा आकडा लिहून ठेवून के-फॅक्टर (सेन्सरच्या जुळवणीचा आकडा) जुळवायचा. जुना फ्युएल फ्लोचा काटा खरं म्हणजे प्रेशर मोजतो, एखादा नोझल चोंदला तर प्रेशर वाढतं आणि काटा उलट जास्त फ्लो दाखवतो, म्हणजे सिलेंडर उपाशी मरतोय आणि काटा म्हणतो भरपूर जेवण चाललंय. खरा फ्लो दिसायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आम्ही टेकऑफला कमी इंधन देत होतो.

सीएचटीची लाल रेघ 460 आहे पण तिथवर जाऊ देऊ नका, 400 च्या पुढे हेडच्या ॲल्युमिनियमची ताकद भराभर उतरते. मी 380 ला काउल फ्लॅप (इंजिनाची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडे आहेत ना बघतो आणि नाक खाली करतो. प्रायमरी युनिटमध्ये लाल रेघा पुस्तकाप्रमाणे फॅक्टरीतूनच लॉक होऊन येतात, त्यामुळे स्वतःचा आकडा स्वतःच लक्षात ठेवायचा, आम्ही पॅनेलवर छोटी चिठ्ठी चिकटवलीये. आमचा डावा मागचा चढताना कायम 410 ला जायचा, बघितलं तर बॅफलची (हवा सिलेंडरवर वळवणाऱ्या पत्र्याची) रबरी पट्टी आत दुमडली होती, सरळ केली आणि 25 डिग्री उतरला. जुना काटा दुसऱ्याच सिलेंडरवर होता, बिचारा वर्षानुवर्षं सगळं ठीक म्हणत होता.

भागीदारीत आहात म्हणून एक सांगतो. 231 चा वेस्टगेट (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणारी वाट) फिक्स असतो, थंडीच्या सकाळी टेकऑफला थ्रॉटल पूर्ण ढकलला की मॅनिफोल्ड प्रेशर 40 इंचाच्या मर्यादेच्या वर सहज जातं, आणि मॉनिटर ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवतो. आमच्याकडे पहिला डेटा डाउनलोड केला त्या संध्याकाळी तिघेही एकमेकांकडे बघत होतो, सगळ्यात मोठा आकडा माझाच निघाला.

ऑर्डर देण्याआधी इंजिनाच्या डेटा प्लेटचा फोटो काढा, जीबी आहे की एलबी (या इंजिनाचे दोन प्रकार) ते बघा, कारण बऱ्याच जुन्या जीबी नंतर एलबी करून घेतलेल्या असतात. नंतर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) बसवलेला असेल तर त्याची कागदपत्रं पण बरोबर द्या, त्यात मॅनिफोल्ड प्रेशरचे आकडे वेगळे असतात, आणि लाल रेघा तुम्ही जे लिहून द्याल त्यावरच लॉक होऊन येणार.