मेणबत्तीच्या वातीची साइज कशी तपासता आणि नोंद कुठे ठेवता, एक्सेलमध्ये की ॲपमध्ये?

एक्सेल-बिक्सेल मागाहून. आधी सांगा, वातींची पाकिटं वेगवेगळ्या डब्यांत ठेवता ना? आमच्याकडे ठेवत नव्हते, म्हणून एवढं लिहून राहिली.

आम्ही दोघी जावा, नागपुरात महालात राहतो, मेणबत्त्यांचा घरगुती धंदा. जाऊबाईंचा हात चांगला, ओतल्यावर एक बुडबुडा दिसणार नाही. पण वही काढली की चिडतात. "निरांजनात लावताना कधी नंबर पाहिला का आपण? वात ती वात!"

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची ४० जारांची ऑर्डर होती. ७ सेंटिमीटरचा काचेचा जार, सोयाचं मेण, मोगऱ्याचा वास. दोन जाडीच्या वाती आणलेल्या. कोणीतरी (मी नाही) दोन्ही पाकिटं फोडून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ओतली. मेण लावलेल्या, बुडाला पत्र्याची चकती असलेल्या त्या वाती शेजारी शेजारी धरल्या तरी ओळखू येत नाहीत हो.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी फोन सुरू. एका बाईंच्या जारात मधोमध विहीर पडली, कडेचं मेण जसंच्या तसं, ज्योत आत बुडून विझली. दुसरीने फोटो धाडला: नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर काजळीचा पट्टा. जाऊबाई म्हणाल्या, मेणच खराब आलं. एकाच पोत्यातलं, एकाच दिवशी ओतलेलं मेण अर्ध्याच जारांत कसं खराब होईल?

सहा जार उरले होते. बुडाला नंबर चिकटवले, वाती ५ मिलिमीटरवर कातरल्या, पंखा बंद करून चार-चार तास जाळल्या. आधी-नंतर वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर. तीन जार ताशी साडेतीन ग्रॅमच्या आसपास जळले, तीन साडेसहाच्या. मधला एकही नाही. म्हणजे वाती दोन जाडीच्या: बारीक वातीने विहीर पाडली, जाड वातीने काजळी. कागद समोर ठेवला तर म्हणे, काटा बिघडला असेल.

आणि निरांजनाचं उदाहरण इथे लागूच होत नाही. तूप हाताच्या उबेनेही पातळ होतं. मेणबत्तीच्या वातीला आधी आपलं इंधन स्वतःच वितळवायचं असतं, तेही जारच्या कडेपर्यंत. म्हणून रुंदी बदलली की वात बदलते.

तर नोंद. साधी वही घ्या, एका जारला एक पान. मेण, वासाचं प्रमाण, जारचा आतला व्यास, वातीची सिरीज आणि नंबर दोन्ही. नुसतं "१०" लिहू नका. सीडी आणि इको ही वातींच्या सिरीजची नावं, सीडी १० आणि इको १० ह्या वेगळ्या वाती आहेत. दर तासाला वितळलेलं तळं किती पसरलं ते पट्टीने मोजा, वातीवर काजळीचं बोंड आलं का ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. कोणत्या जारला कोणती वात हा दुकानदाराचा तक्ता फक्त सुरुवातीपुरता. पहिल्या जाळणीत तळं कडेला नाही पोचलं तर लगेच वात मोठी करू नका, कारण खालच्या भागात जार जास्त तापतो आणि वरती बरोबर वाटलेली वात तिथे धूर काढते. म्हणून जार शेवटपर्यंत जाळल्याशिवाय निकाल नाही. बुडाला सेंटिमीटरभर मेण राहिलं की मात्र विझवा, काच तडकते.

मे महिन्यात चाचणी घेऊच नका. कूलर चालू असला तर ज्योत एका बाजूला झुकते. बंद केला तर ४५ डिग्रीत सोयाचं मेण आधीच लोण्यासारखं, बारीक वातही पास होते. डिसेंबरात तीच नापास.

हो, सोया असेल तर ओतल्यावर दोन आठवडे थांबा, मग जाळा. पॅराफिनवाल्यांनी माझे आकडे घेऊ नयेत. वही भरली की एक्सेलमध्ये टाका हवं तर.

डबे आता दोन आहेत, वर चिठ्ठ्या लावून. पाकिटं कोणी फोडली, ते मात्र आमच्या घरात अजून कोणी कबूल केलेलं नाही.