नवं पितळ की जुनं? आणि पैसा कुठून काढायचा?

नागपूरच्या एका वाचकांचं पत्र आहे. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त होऊन त्यांना सव्वा वर्ष झालं. लग्नकार्यांना पितळी भांडी भाड्याने द्यायचा त्यांचा विचार आहे. गंज (मोठी पातेली), गुंड (पाण्याचे हंडे), पराती, कढया मिळून 120 किलो. इतवारी बाजारात नवी भांडी कल्हईसकट 950 रुपये किलो पडतात. महाल भागातलं एक कुटुंब वाडा रिकामा करतंय, ते जुन्यांचे 650 मागतात. मोडीचा भाव 500. जुनी घेतली तर कल्हई आणि डागडुजीला 9,000. एका कार्याचं भाडं 3,500, हमाली-घासणावळ जाऊन 2,000 हाती. पैशासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं 15 लाखांचं, 14 महिने झालेलं खातं मोडायचं म्हणतात. शेवटी लिहितात, "एकदा उडालेलं काडतूस पुन्हा भरायला मी कधी धजावलो नसतो, मग वापरलेलं पितळ का घेऊ?"

काका, आधी खात्याचं बोलू. या योजनेत हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर अख्खं खातं मोडावं लागतं. वर्ष उलटलं पण दोन वर्षं झाली नाहीत, तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. म्हणजे 22,500 रुपये. लाखभराच्या भांड्यांसाठी एवढा भुर्दंड? नको. तुमचं खातं 8.2 टक्क्यांचं आहे, दर तिमाहीला 30,750 रुपये व्याज येतं. घरखर्च पेन्शनमध्ये भागतो असं तुम्हीच लिहिलंय. मग भांडी व्याजातून घ्या, टप्प्याटप्प्याने.

आता पितळ. नव्याचे 1,14,000 होतात, जुन्याचे 78,000. पण हा फरक पाहून ठरवू नका. पितळेचे पैसे पूर्ण बुडत नाहीत, मोडीला घातलं तरी आजच्या भावाने 60,000 परत येतात. बुडू शकतो तो मोडीवरचा पैसा. नव्यात तो 54,000, जुन्यात 18,000 आणि वरचे 9,000 धरून 27,000. कार्यामागे 2,000 सुटले तर नवी भांडी 27 कार्यांनी वसूल होतात, जुनी 14 कार्यांनी. ओळखीच्या केटररने हंगामात 20 कार्यांचा शब्द दिलाय म्हणता. मी 10 धरतो. चातुर्मासात लग्नं नाहीत, चार महिने भांडी नुसती पडून राहणार. म्हणजे जुनी दीड हंगामात सुटतात, नव्यांना जवळपास तीन लागतात. मोडीचा भाव तांब्याबरोबर खालीवर होतो हे खरं, पण तो पडला तर दोन्हींत सारखाच पडेल.

तुमची काडतुसाची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. काडतुसाच्या वापरलेल्या पितळी पुंगळीचा प्रश्न हाच असतो की ती आधी किती वेळा उडाली, आणि ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. भट्टीवर चढणाऱ्या गंजाचंही तसंच. बूड किती झिजलंय ते वरून कळत नाही, आणि शंभर माणसांचा वरणभात उकळत असताना कळून उपयोग नाही. म्हणून सर्वांत मोठे दोन गंज, 18-18 किलोचे, नवेच घ्या. त्यांचे 34,200 होतील, जुन्यापेक्षा 10,800 जास्त. ते मोजा. पराती, गुंड, वाढायची भांडी आगीवर जातच नाहीत. ती जुनी चालतील.

तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगतो. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं आपोआप तडकत. कारण पुढे कळलं: मुताचा अमोनिया, वर दमट हवा, आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण. तेव्हा गोठ्यालगतच्या खोलीत भांडी ठेवायचं म्हणता, तो बेत सोडा. वाड्यातली भांडी घेतानाही काठाशी आणि कड्यांजवळ केसासारखी चीर शोधा. बोटाने टिचकी मारा. चिरलेलं भांडं बद्द वाजतं. कड्या लोखंडी असतील तर त्यांचं वजन वजा करायला लावा, पितळेच्या भावाने लोखंड घेऊ नका. "पणजीच्या काळातलं आहे" यासाठी किलोमागे एक रुपयाही वाढवू नका, भाड्याने नेणारा पणजीचे पैसे देत नाही.

कल्हईत मात्र काटकसर करू नका. ताक, कढी, चिंचेचं सार कळकलं तर भाडं राहिलं बाजूला, बदनामी होईल. कल्हईचं कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे रिकामा गंज चुलीवर ठेवायचा नाही, हे भाड्याच्या कागदावर ठळक लिहा. कल्हई गेली तर खर्च अनामत रकमेतून कापणार, हेही.

येत्या तिमाहीच्या व्याजातून 40 किलो जुनी घ्या: 26,000 भांड्यांचे, 3,000 कल्हईचे. वाड्यातली मंडळी अख्खा ढीग एकदम उचला म्हणतील. तेव्हा 650 वरून 600 वर येत असतील तर विचार करा, नाहीतर उरलेली राहू द्या. भंडारा साठ किलोमीटरवर आहे आणि पितळेचंच गाव आहे. दोन नवे गंज त्यापुढच्या तिमाहीत, थोडी भर पेन्शनमधून घालून. तिसरी खरेदी निम्म्या हंगामानंतर, केटररची 20 पैकी किती कार्यं खरंच आली ते वहीत पाहून. तोवर पाच आली असतील, तर मला पुन्हा लिहा.