घोटा मुरगळला, एक्स-रे नॉर्मल. मग सोनोग्राफी कशासाठी?

पाऊल आत वळून घोटा मुरगळला. एक्स-रे नॉर्मल आहे, तरी डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. त्यात वेगळं काय दिसणार?

लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा. एक्स-रेमध्ये ते दिसतच नाही. पाऊल आत वळलं की पहिला ताण येतो तो बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून पुढे जाणाऱ्या लिगामेंटवर. त्याची जाडी जेमतेम २-३ मिलिमीटर, पण ते कातडीच्या लगेच खाली असतं, म्हणून सोनोग्राफीत छान दिसतं. धडधाकट असेल तर पडद्यावर उजळ, रेघारेघांचं आणि ताठ दिसतं. नुसतं ताणलं गेलं असेल तर जाड, काळपट होतं. पूर्ण तुटलं असेल तर रेघा मधेच थांबतात आणि तिथे काळी फट दिसते.

एका रिपोर्टमध्ये ‘पार्शल टेअर’ (लिगामेंट अर्धवट फाटलंय) होतं, आठवड्याने दुसरीकडे ‘नॉर्मल’. खरं काय धरायचं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी लिगामेंटवर काटकोनात पडल्या तरच ते उजळ दिसतं. प्रोब (कातडीवर टेकवायचा सोनोग्राफीचा भाग) थोडा जरी तिरका झाला तरी चांगलं लिगामेंट काळं पडतं आणि फाटल्यासारखं भासतं. म्हणून काळा डाग दिसला की मी प्रोब जागच्या जागी हलकेच कलवून बघतो. डाग उजळला तर तो फसवा. तसाच राहिला, तर दुसऱ्या पायाची तीच जागा बघून ताडून घेतो. मग टाच धरून पाऊल हळूच पुढे ओढतो. फट रुंदावली तर शंका उरत नाही. नुसत्या छापील चित्रांवरून हे कळत नाही. तेव्हा घोट्याची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्याकडेच जा, आणि पाऊल हलवून पाहिलं का, हे जरूर विचारा.

दुखापतीच्या दिवशीच करून घ्यावी का?

आधी हाडाचं बघा. घोट्याच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेला दाबून दुखत असेल, किंवा ४ पावलंही टाकता येत नसतील, तर पहिला एक्स-रे. लिगामेंटची हाताने तपासणी ४-५ दिवसांनी, सूज आणि दुखणं उतरल्यावर जास्त नेमकी होते. सोनोग्राफीतही पाऊल ओढून बघणं तेव्हाच सोसवतं.

मग एमआरआय कधी?

ध्वनिलहरी हाडाच्या आत जात नाहीत. सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) आणि तिच्याखालचं हाड दुखावलं असेल, तर सोनोग्राफी नॉर्मल येऊनही दुखणं राहतं. काही आठवडे उलटूनही सांध्यात खोलवर दुखतंय, मधेच अडकल्यासारखं होतंय, अशांना मी एमआरआय सांगतो.