लेकरू यायच्या आधी यादी करू का?

"ताई, मी 24 वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सासर आहे. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना लागलाय, तारीख जुलैअखेरची आहे. पुण्याच्या चुलत नणंदेने मला ऑनलाइन 'बेबी रजिस्ट्री' करून दिली. हव्या त्या वस्तूंची यादी टाकायची आणि ज्याला जे द्यायचं त्याने ते निवडायचं. मिस्टरांनी ती घरच्या ग्रुपवर टाकली आणि सगळं बिनसलं. सासूबाई म्हणतात, 'लेकरू हाती येईस्तोवर घरात काई आनाचं नाई.' भाऊ रुसलाय, 'आमी बाळंतविडा आनला नसता काय?' यादीत 46 वस्तू आहेत. काढून टाकू का? आणि खरंच लागतं तरी काय काय?"

पोरी, यादी राहू दे, फक्त ग्रुपवरून काढ. आपल्याकडे बाळंतविडा न मागता येतो, त्यातच देणाऱ्याचा मान असतो. सगळ्यांदेखत 46 वस्तू मांडल्या की ती मागणी वाटते, तीही ऐन पेरणीच्या तोंडावर, जेव्हा बियाण्या-खतापायी कुणाच्याच हाती पैसा नसतो. ऑनलाइन यादीचा खरा फायदा एवढाच की एकच वस्तू चौघांकडून येत नाही. ते काम वहीनेही होतं. वही सासूबाईंच्या हाती दे. कुणी "काय आणू?" विचारलं तर त्या सांगतील आणि कोण काय आणतंय ते मिस्टर लिहून ठेवतील. शिवाय दोन महिने आधी मागवलेल्या वस्तूचं माप चुकलं, तर ती परत करायची मुदत लेकरू जन्मायच्या आधीच संपलेली असते.

सासूबाईंशी आणण्या-न आणण्यावरून वाद घालू नको. तान्ही लेकरं घरोघरी दगावायची, त्या काळची ती भीती आहे. त्यांना दुखावण्याची गरजही नाही, कारण पहिल्या दहा दिवसांना लागतं त्यातलं बरंचसं घरातच आहे, जुन्या सुती साड्यांच्या रूपात. बिनकाठाच्या साडेपाच मीटर साडीतून 55 सेंटीमीटरचे 20 चौकोन निघतात. कापड विरलेलं असेल तर दुहेरी शिवायचे, म्हणजे एका साडीचे 10 लंगोट. तान्हं बाळ दिवसभरात पंधरा लंगोट सहज ओले करतं. उन्हाळा असता तर 25 पुरले असते, कारण मे महिन्यात कापड अर्ध्या तासात वाळतं. तुझं बाळंतपण झडीच्या दिवसांतलं. झड लागली की दोन-दोन दिवस काही वाळत नाही, म्हणून 40 हवेत. सासूबाईंना म्हण, "आई, चार साड्या काढून द्या आणि लंगोट तुम्हीच बेता." त्यांचा हात लागला की यादी त्यांचीही होईल.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. साड्या आणि जुनी झबली पेटीतून निघतील, आणि पेटीत डांबरगोळ्या असतील. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी6पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते. डांबरगोळीचा वास लागलेलं कापड गुंडाळलं तर अशा बाळाचं रक्त फुटतं आणि जोराची कावीळ होते. आपलं बाळ तसं आहे की नाही हे आधी कळत नाही. म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत कापड दोन-तीनदा धू, कडक उन्हात वाळव आणि पुन्हा त्या पेटीत ठेवू नको. हे मे महिन्यातच उरकून घे, पावसात ऊन मिळायचं नाही. नवीन कापडही खळ जाईपर्यंत धुऊनच वापरायचं.

बाकीचं थोडक्यात सांगते. पुढून बंदांनी बांधायची 8 झबली, बटण-पिनेची नकोत. 8 दुपटी, त्यातली निम्मी मलमलची. 3 टोपडी, 2 मऊ टॉवेल, 2 रबरी शीट, नखं कापायला छोटं नेलकटर. लंगोट वाळवायला पडवीत बांधायची दोरी. डिजिटल थर्मामीटर एक. काखेतलं तापमान 97.7 च्या खाली किंवा 99.5 फॅरनहाइटच्या वर गेलं तर बाळाला दवाखान्यात न्यायचं. वजनकाटा मागू नको, तो आशाताई घेऊन येतील. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरी जाऊन तान्ह्या बाळाची काळजी घ्यायची पद्धत उभी केली, त्यातूनच या भेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताई येतात.

दोन वस्तू कुणी देऊ केल्या तर आनंदाने हो म्हण. एक, मोठी, गादीखाली खोचता येणारी मच्छरदाणी, माय-लेकरू दोघं मावतील अशी. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरतो आणि भुईवर झोपलेल्यांना चावतो. खाटेवर झोपून मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचली की डासांपासून बचाव होतो आणि त्याच्यापासूनही. छत्रीसारखी छोटी जाळी यात कामाची नाही. दोन, झाकणाच्या दोन बादल्या, फक्त बाळाच्या कपड्यांसाठी. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीवर फवारण्या सुरू असतात. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते तुझ्या घरीही आठवत असेल. फवारणीचे कपडे आणि बाळाचे लंगोट एका बादलीत, एका दगडावर कधीही धुवायचे नाहीत. मिस्टरांनी अंघोळ करून, कपडे बदलूनच लेकराला हात लावायचा.

काय घेऊ नये हेही वहीत लिही. दुधाची बाटली आणि पावडरचा डबा नको. त्यांच्या जाहिरातीवर आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजायचं, उकाड्यातही वरचं पाणी नाही आणि चाटवायला मधही नाही. दूध काढून पाजायची वेळ आलीच तर वाटी-चमचा बरा. कुणी चांदीचं बोंडलं दिलं तर ते दर वेळी उकळून घ्यायचं, चोचीच्या आतल्या बाजूला दुधाची साय चिकटून राहते. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. पावडर नको, ती श्वासातून छातीत जाते. मोहरीची उशी नको, पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर निजवायचं. वॉकर तर अजिबात नको, त्याने बाळ लवकर चालत नाही, पडतं मात्र.

कपडे आणणारे सगळे जण जन्माच्या मापाचे आणतात आणि ते महिन्याभरात आखूड होतात. त्यांना सांग, "सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचं स्वेटर आणा." तुझं लेकरू डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाच-सहा महिन्यांचं असेल, तेव्हाच ते अंगावर येईल.

आता भावाचं. मामाचा मान यादीत घालायचाच नाही. त्याला स्वतः फोन कर आणि सांग, "दादा, पाळणा तुझाच, बारशाच्या वेळी आण." बारशाचं कुंची-झबलंही आत्याचं, म्हणजे सख्ख्या नणंदेचं, तेही यादीतून काढ. पाळणा घेताना भावाने एवढं पाहावं: गजांमधली फट 6 सेंटीमीटरपेक्षा मोठी नको, आणि गादी व कडेमध्ये दोन बोटांहून जास्त जागा नको. घरी टांगल्यावर आधी 20 किलो ज्वारी ठेवून चांगला झुलवून बघायचा, कडी किंवा आढं कच्चं असेल तर तेव्हाच कळेल.

पैशाचं म्हणशील तर सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. पहिल्या अपत्यासाठी मातृ वंदना योजनेचे 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, तुझा पहिला हप्ता जमा झाला का ते अंगणवाडी सेविकेला विचार. बेबी केअर किटचंही त्यांनाच विचार, पण ते हातात पडेपर्यंत त्याच्या भरवशावर यादीतली वस्तू खोडू नको.

आठवा महिना संपायच्या आत एक पिशवी भरून दाराशी ठेव. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, रक्तगटाचा आणि सोनोग्राफीचा कागद. पुढून उघडणारे तीन गाऊन, मोठ्या पॅडची दोन पाकिटं. बाळासाठी उन्हात वाळवलेली चार सुती फडकी: जन्मताच एकाने कोरडं पुसायचं, ते ओलं फडकं बाजूला टाकून दुसऱ्यात गुंडाळायचं. ओल्यातच गुंडाळून ठेवलं तर बाळ गार पडतं. पहिली अंघोळ निदान 24 तास तरी नको.

आणि ज्यांच्याकडे द्यायला पैसे नाहीत, पण माया आहे, त्यांच्यासाठी वहीत एक पान वेगळं ठेव. सव्वा महिना रोज लंगोट कोण धुणार? तुझ्या वाट्याचं निंदण कोण करणार? 21 दिवसांच्या आत जन्मनोंदणीचा कागद कोण आणणार? या पानावर नाव लागलं तर शेजारच्या काकूंनाही बरं वाटेल.

त्या पानाच्या सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, सरकारी रुग्णवाहिकेचा 102 नंबर, आशाताईंचा नंबर आणि गावात गाडी असलेल्या दोघांची नावं लिही. तुमच्या रस्त्यावर पुरात अडणारा नाला असेल, तर तारखेच्या दहा दिवस आधीच नाल्यापलीकडच्या, दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे राहायला जा. ते घर कोणाचं, हे सासूबाईंशी बोलून आजच ठरव.