ॲनिमे स्टाईलची गोंडस पॉप आयडॉल मुलगी कशी काढायची? एक डोळा मस्त येतो, दुसरा काढला की वाट लागते. चित्रकलेतलं काही येत नाही, कुठून सुरुवात करू?

राग मानू नका, पण प्रश्न वाचून मला हसू आलं, कारण आमच्या घरात सहा महिने हेच चालू होतं. माझी पुतणी सातवीत आहे, तिच्या रफ वहीच्या मागच्या पानांवर नुसते एकेक डोळे, डावा डोळा, डावा डोळा, परत डावा डोळा, उजवा कुठंच नाही. विचारलं तर म्हणाली, काका, उजवा काढला की ती चकणी होती.

आधी सांगतो, मी काही आर्टिस्ट बिर्टिस्ट नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या, आणि ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघायला लागलो ते पुतणीमुळंच. त्यामुळं खाली जे लिहितोय ते तिला शिकवताना मी स्वतः चुकून चुकून जे कळलं ते.

पहिली गोष्ट, डोळ्यापासून सुरुवात करणं बंद करा. लहानपणी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी मी तासन् तास उभा राहून बघायचो. मूर्तीचं अंग रंगवून होतं, पितांबर होतो, दागिने होतात, आणि डोळे अगदी शेवटाला. त्या कामाला आखणी म्हणतात आणि ती कुणीपण करत नाही, घरातला ज्याचा हात बसलाय तोच बसतो. तोपर्यंत मूर्तीला तोंड असतं पण ती आपल्याकडं बघत नसते, आखणी झाली की बघायला लागते, लई भारी वाटायचं ते. आता आयडॉल म्हणजे जपानकडची नाचणारी-गाणारी स्टार पोरगी, पण त्या शब्दाचा मूळ अर्थ मूर्तीच की हो. मग तिची आखणी आधी करून कसं चालेल, डोकंच नाही तर डोळे ठेवणार कुठं?

तर आधी गोल. कंपास नको, मनगट न वळवता खांद्यातून हात फिरवून हलका हलका गोल काढा, वाकडा आला तरी त्यावरच दोन-चार वेळा फिरवा, त्यातला बरा दिसणारा धरायचा. समजा गोल ८ सेंटिमीटरचा आला. त्याच्या खाली हनुवटीला फक्त दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडा, जास्त नाही, आणि गोलाच्या दोन्ही बाजूंनी गाल उतरवत खाली बारीक टोकाला आणा. गाल थोडे फुगलेले ठेवा. मग मधून एक उभी रेघ, कर्तव्यभूमितीत घ्यायचो तशी मध्यरेषा, आणि डोळ्यासाठी एक आडवी रेघ.

ही आडवी रेघ कुठं मारायची यावरच सगळा गोंडसपणा आहे. खऱ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, आरशासमोर पट्टी घेऊन मोजून बघा, आपल्याला उगीच वाटतं की वर कपाळाजवळ असतात. गोंडस करायचं असलं तर डोळे त्या मध्याच्याही खाली घ्यायचे. म्हणजे मोठं कपाळ, खाली आलेले मोठे डोळे, इवलीशी हनुवटी, ही सगळी तान्ह्या बाळाची ठेवण झाली. कॉनराड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९४३ मध्येच लिहून ठेवलंय की अशी ठेवण दिसली की माणसाला आपोआप माया वाटते. म्हणजे ॲनिमेवाले जादू करत नाहीत, बाळाचं तोंड मोठ्या मुलीला लावतात, एवढंच. पुतणीनं ती रेघ नुसती एक सेंटिमीटर खाली घेतली आणि आधी पंचविशीतली वाटणारी बाई एकदम शाळेतली पोरगी दिसायला लागली.

आता आखणी. दोन्ही डोळे एकदम काढायचे, एक पूर्ण करून दुसऱ्याकडं जायचं नाही. डावी वरची पापणी, लगेच उजवी वरची पापणी, डावं बुबुळ, लगेच उजवं बुबुळ, असं. तुमचा दुसरा डोळा बिघडतो तो याच्यामुळंच, पहिला पूर्ण सजवून झाला की दुसरा हुबेहूब तसाच काढायचं टेन्शन येतं आणि हात आखडतो. ८ सेंटिमीटरच्या गोलात एकेक डोळा २ सेंटिमीटर रुंद, मधे एक डोळा मावेल एवढी जागा, कडेला अर्धा अर्धा डोळा, उंची अडीचपर्यंत चालते. आधी चार बारीक खुणा करून घ्या.

वरची पापणी जाड कमान, बाहेरच्या टोकाला आणखी जाड आणि थोडी खाली वळलेली, काजळ ओढल्यागत. खालची पापणी नुसती एक पुसट रेघ, ती पण पूर्ण नाही. डोळा कडेनं बंद करू नका, बंद केला की बटण शिवल्यासारखा दिसतो. बुबुळ गोल नाही, उभं अंड्यासारखं, आणि त्याचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला पाहिजे, नाहीतर पोरगी भूत बघितल्यासारखी दचकलेली दिसते. बुबुळात वर गडद, खाली जाताना फिकं. मग पांढरा ठिपका, एक मोठा वरच्या बाजूला आणि एक बारका त्याच्या तिरक्या समोर खाली. हे ठिपके दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवेत, म्हणजे डावीकडं तर दोन्हीत डावीकडं, कारण लाईट एकीकडूनच येतोय. पुतणी आरशातल्यासारखं करायची, एकात डावीकडं एकात उजवीकडं, तिचं चकणेपणाचं निम्मं कारण तेच निघालं!

उरलेली चूक पकडायला कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा, मागून उजेड आला की चित्र उलटं दिसतं आणि कुठला डोळा वर गेलाय ते लगेच टोचतं. मोबाईलवर काढत असाल तर फ्लिपचं बटण असतंच.

नाक म्हणजे एक टिंब. तोंड नाकाच्या अगदी जवळ आणि बारकं. ओठ काढूच नका, वय वाढतं.

केसात सगळे एकच चूक करतात, केस टाळूला चिकटवतात. आधी डोकं पूर्ण काढा, मग त्याच्या बाहेर अर्धा-पाऊण सेंटिमीटर सोडून केसाची रेघ फिरवा, केसाला पण जाडी असते की. एकेक केस काढत बसू नका, भोवऱ्याची जागा ठरवा आणि तिथनं मोठे मोठे जुडगे खाली सोडा, कपाळावर तीन पुरेत. चमक दाखवायला डोक्याभोवती एक पांढरा वाकडातिकडा पट्टा सोडतात, त्याला जपानीत देवदूताचं कडं अशा अर्थाचं नाव आहे. दोन्ही बाजूला उंच बांधलेल्या शेपट्या आयडॉलला फार शोभतात, आणि आपल्याला त्या काढायला अवघड पण नाहीत, शाळेत दोन वेण्या वर बांधून लाल रिबीन लावलेल्या पोरी आपण आयुष्यभर बघितल्यात, तेच, फक्त वेणी सोडून मोकळे केस.

हात्सुने मिकु बघा. ती खरी गायिका नाही, २००७ मध्ये जपानमधल्या साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीनं काढलेल्या आवाजाच्या सॉफ्टवेअरचा चेहरा आहे, केई नावाच्या चित्रकारानं काढलेला. पण त्या लांबलचक निळसर हिरव्या दोन शेपट्या अशा आहेत की नुसती काळी सावली दाखवली तरी ओळखू येते. तुमच्या मुलीला पण हीच परीक्षा लावा, बाहेरची रेघ ठेवून आतलं सगळं काळं करा, ओळखू आली तर जमलं.

अंग सुरुवातीला छोटंच घ्या. उंची डोक्याच्या मापानं मोजतात, मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, ॲनिमेतली नेहमीची पोरगी सहाच्या आसपास, आणि ती चिबी म्हणतात ती बुटकी दोन-तीन डोक्यांची. तुम्ही तीन डोक्यांची काढा, एक माप डोकं, तेवढंच धड, तेवढेच पाय. कोपर-गुडघ्याची कटकटच नाही. हात अवघड जातो म्हणून एकाला माईक द्या, आणि तो पंजा आधी थंडीतल्या हातमोज्यासारखा काढा, अंगठा वेगळा आणि बाकी एक गठ्ठा, बोटांच्या रेघा नंतर. दुसरा हात पाठीमागं लपवा, कुणी विचारत नाही. :)

ड्रेससाठी नेट शोधायची पण गरज नाही. आमच्याकडं महाद्वार रोडला दुकानांच्या बाहेर लहान पोरींचे झालरीचे फ्रॉक टांगलेले असतात, तसले तुमच्या गावात पण असतीलच, जाऊन पाच मिनिटं नीट बघा. चुण्या कंबरेतनं निघतात आणि खाली पसरतात, झालरीची खालची कड नागमोडी जाते आणि प्रत्येक वळणाला आतली बाजू थोडी दिसते, ती आतली बाजू गडद केली की झालर लगेच उठते. पुतणी खाली नुसतं नागमोडी काढून सोडायची, ते पापडासारखं दिसायचं.

रंग तीनच. एक मुख्य, एक जोडीचा, एक पांढरा. जपानी आयडॉल ग्रुपमधे बऱ्याचदा प्रत्येक मुलीला ठरलेला रंग असतो आणि फॅन लोक तिच्या वेळेला त्याच रंगाच्या लाईटच्या कांड्या हलवतात, म्हणून आधी तिचा रंग ठरवा आणि रिबीन, झालर, डोळे सगळीकडं तोच फिरवा. मी फ्लेक्सवाला असून हे सांगतोय, सोळा रंग वापरून काय होतं ते चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर बघालच.

सामान स्वस्तातलं चालतं. साधी एचबी पेन्सिल रफला, टूबी डोळ्याला, कागद प्रिंटरचा ए-फोर. महागडे मार्कर आत्ता घेऊ नका, साध्या कागदावर ते पसरतात. मोबाईलवर इबिस पेंट नावाचं ॲप फुकट मिळतं, त्यात रफ एका लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरसारखे थर) आणि फायनल दुसऱ्यावर ठेवा.

आणि काळ्या जेल पेननं फायनल केलं की लगेच रबर लावू नका, चहा पिऊन या, मग खोडा. पुतणीचं पहिलं पूर्ण झालेलं चित्र, दोन्ही डोळे अगदी बरोबर, आणि मीच घाईनं रबर फिरवलं तर सगळं काजळ गालापर्यंत उतरलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता ते चित्र फ्रीजवर लावलंय, खाली तिनं लिहिलंय, 'शेवटच्या गाण्याला रडणारी आयडॉल'.