सुनीता विल्यम्सच्या आधी अमेरिकन नेव्हीतून कोणी बाई अंतराळात गेली होती का?

हो, वेंडी लॉरेन्स. सुनीताच्याच नेव्हल अकॅडमीची, पण १९८१ ची बॅच. वडीलही नेव्ही पायलट, ते मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेच्या निवडीत शेवटच्या फेरीपर्यंत पोचले होते पण घेतलं नाही, मग व्हिएतनाममध्ये विमान पडलं आणि जवळपास सहा वर्षं कैदेत होते. पोरगी हेलिकॉप्टर पायलट झाली, जहाजाच्या हलत्या डेकवर ८०० च्या वर लँडिंग केलीत तिने. १९९२ ला नासात सिलेक्शन, १९९५ मध्ये पहिलं उड्डाण, अकॅडमीची अंतराळात गेलेली पहिली बाई तीच.

मला मीर या रशियन अंतराळ स्थानकाचा किस्सा फार लागतो. तिथे राहायला जाण्यासाठी रशियात ट्रेनिंग चालू असताना आधी सोयूझ या रशियन यानासाठी उंची कमी म्हणून तिला काढलं, परत घेतलं, आणि १९९७ ला मीरला टक्कर झाल्यावर दुरुस्तीला स्पेसवॉक येणारा माणूस हवा झाला तर रशियन सूट तिच्या मापाचाच नाही, म्हणून मीरवरचा मुक्काम डेव्हिड वुल्फ या दुसऱ्या अंतराळवीराला गेला. तरी वुल्फला नेणाऱ्या त्याच शटलने ती मीरवर जाऊन आली, कारण तिथलं काम तिला पाठ होतं! कोलंबिया अपघातानंतरच्या पहिल्या उड्डाणातही, २००५ ला, ती होती. २००६ ला नासातून रिटायर झाली.