सभा पाहून बोलावे कसे?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गात मला उत्तम बोलता येते. परंतु ग्रामसभेत पाणीपट्टीविषयी बोलले, तेव्हा लोक चुळबुळ करू लागले. माझे काय चुकले असावे?

उत्तर : आपण बहुधा ग्रामसभेतही धडाच शिकवलात. वर्गात विषय समजावून देणे हा हेतू असतो, तर ग्रामसभेत ठरावाला संमती मिळवायची असते. म्हणून तेथे मागणी आधी आणि कारणे नंतर यावीत, आणि खर्चाचा आकडाही एकूण न सांगता दर घरामागे सांगावा.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन भाषणे शेजारी ठेवून वाचावीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत, दागिने, मुलींचे शिक्षण अशा घरातल्या गोष्टींतून स्वाभिमानाचा विषय मराठीत मांडला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मात्र त्यांनी इंग्रजीतून, एकेक मुद्दा रचत, राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगती दाखवून दिली. महाडचे भाषण सोपे होते म्हणून ते हलके होते, असे मला मुळीच वाटत नाही. उलट तसे बोलणेच अधिक कठीण.

गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. ही रीत आपल्यालाही साधेल, फक्त उत्तर चुकल्यास शिक्षिकेच्या सवयीने तेथे कोणाला दुरुस्त करू नये.